एकदाच आलेली नावं

बिबिजानने कात्रीचं टोक शर्टाच्या कॉलरमध्ये घातलं आणि आतली पट्टी एका फटक्यात कापून काढली, तेव्हा समोर उभ्या असलेल्या आरतीच्या तोंडून नको तेवढ्या मोठ्याने निघालं, "काकी, थांबा!"

कात्री थांबली. वजीर आरतीसाठी खुर्ची पुसत होता, त्याचा हातही खुर्चीच्या पाठीवर तसाच राहिला. पुण्याहून एवढ्या लांब आलेली मुलगी आल्या आल्या आपल्या बायकोवर ओरडते, म्हणजे काहीतरी चुकलं, एवढं त्याला कळलं. काय चुकलं ते कळेना.

"हे लेबल का काढलंत?"

"काढावंच लागतं," बिबिजान म्हणाली. "गाठ फोडली की पयलं हेच काम."

"सगळ्या कपड्यांचं?"

"येकूणयेक."

आरती शेडच्या मागच्या दारातून बाहेर गेली. तिथे ढीग होता. तिला पाहायचा होता तो हाच. शेडच्या पत्र्याला टेकून तो सुरू होत होता आणि उतारावरून घसरत थेट ओढ्यापर्यंत गेला होता. शर्ट, विजारी, स्वेटर, लहान मुलांचे टोपीवाले कोट, आणि उन्हापावसाने ज्यांचा रंग गेला, आकारही गेला अशा चिंध्या. तिने वरचा एक स्वेटर उचलून त्याचा गळा उलटा केला. दोन दोरे लोंबत होते. दुसरा उचलला. तिथेही दोन दोरे. दहा-बारा कपडे पाहून ती परत आत आली, तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"वजीरकाका, ह्या ढिगात लेबल असलेला एक तरी कपडा आहे का?"

वजीरने छाती जरा पुढे काढली. "येकसुदिक न्हाई. आमच्याकडं काम चोख असतंय."

बिचाऱ्याला वाटलं, शाबासकी मिळणार.

नारायणगावातून खोडदकडे जाणाऱ्या रस्त्यावर वजीर अत्तारची ही पत्र्याची शेड आहे. आडनाव अत्तार असलं तरी घराण्यात कुणी अत्तर विकल्याला तीन पिढ्या लोटल्या. वजीर परदेशातले जुने कपडे विकतो. ते जहाजाने बंदरात उतरतात, मुंबईच्या व्यापाऱ्याकडे जातात आणि तिथून आवळून बांधलेल्या गाठी टेम्पोने इथे येतात. गाठ आंधळेपणाने घ्यायची, आत काय आहे ते फोडल्यावर कळतं. लांब बाह्यांचे पुरुषी शर्ट निघाले की दिवस चांगला. टोमॅटोच्या तोडणीला आणि द्राक्षाच्या बागेत जाणाऱ्या बाया साडीवर असा शर्ट घालतात. ऊन लागत नाही, टोमॅटोच्या पाल्याचा हिरवा-काळा डाग हाताला चिकटत नाही. तिकडच्या साहेबांचे शर्ट इकडच्या बायांच्या अंगावर, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण गाठीत शर्ट निम्मेही नसतात. बाकीचं इथे कुणी फुकटही नेत नाही. बर्फात घालायचे कोट नारायणगावात घालणार कोण? ते मागच्या दाराने ढिगात जातात.

मागच्या पावसाळ्यात हा ढीग ओढ्यात घसरला. रस्त्याखालची मोरी तुंबली आणि पाणी खालच्या वस्तीत शिरलं. सात घरं भिजली. त्यातलं पहिलं घर चिमाबाईचं. चिमाबाई तोडणीच्या बायांची मुकादम, वजीरची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक आणि बिबिजानची त्याहून जुनी मैत्रीण. ती भांडली असती तर वजीरला बरं वाटलं असतं. ती आली, दारात बसली, आणि एवढंच म्हणाली, "गेल्या साली बाजरी भिजली, आंथरुणं भिजली. औंदा बी तसंच झालं तर मी कुठं जाऊ, तेवढं सांगून ठिवा."

वजीर हात बांधून बसला नव्हता. त्याने थोडे कपडे पेटवून पाहिले, तर काळा धूर वस्तीवरच उतरला आणि कापड जळायच्या ऐवजी वितळून फरशीसारखं घट्ट झालं. गावच्या कचरागाडीने हात वर केले. चिंध्या घेणारा कारखाना म्हणाला, ह्या मालाला भाडंसुद्धा परवडत नाही. शेवटी ग्रामपंचायतीचा सदस्य रामनाथ मोबाइलवर शोधून असे ढीग हलवणाऱ्या आरतीच्या संस्थेचा पत्ता घेऊन आला. अर्ज त्यानेच भरला. मृगाच्या आत ढीग हलला नाही, तर शेडची जागा ग्रामपंचायत परत घेईल, हेही त्यानेच सांगितलं, पण मान खाली घालून सांगितलं.

आता मृगाला तीन आठवडे उरले होते.

आरती खुर्चीवर बसली. पाणी प्यायली. मग तिने समजावून सांगायला सुरुवात केली. ती मूळची घाटाकडच्या तळेघरची, त्यामुळे पुण्याची भाषा फार वेळ टिकत नसे.

"हे बघा काका. तिकडं शर्ट विकला जातो ना, तेव्हाच त्याच्या किमतीत थोडे पैसे वेगळे काढतात. हा शर्ट जुना झाल्यावर त्याचं काय करायचं, त्यासाठी. ज्या कंपनीने शर्ट केला, तिची ती जबाबदारी. आजवर ते पैसे तिकडेच खर्च व्हायचे, गोळा करायला, निवडायला. कपडा जहाजात चढला की पैसे मागंच राहायचे. आता काही कंपन्या म्हणतायत, जिथं कपडा शेवटी पडतो तिथंही थोडे देऊ."

"म्हंजी कफनाचं पैसं," बिबिजान म्हणाली. "माझ्या सासूनं ठिवलं व्हतं तसं. उशाखाली."

"तसंच," आरती म्हणाली. "फक्त उशी तिकडं राहिली आणि माणूस इकडं आलं."

वजीरला हे पटकन समजलं. इतकं पटकन, की त्याला ढीग हललेलाच दिसायला लागला. "मंग आडलं कुठं?"

"कुठली कंपनी पैसे देणार, हे कसं ठरवायचं? कपड्यावरच्या लेबलावरून. मी ढिगातले पाचशे कपडे काढून प्रत्येकाचा फोटो घ्यायचा. निम्म्याहून जास्त कपड्यांवर लेबल असेल, तर ढीग हलवायला पैसे मंजूर होतात. नसेल तर तो कुणाचाच नाही, असं धरतात."

"कुनाचाच न्हाई?" वजीरने मागच्या दाराकडे पाहिलं. "येवढा ढीग?"

"कागदावर."

मग आरतीने विचारलं, की हे कापायचं खूळ आलं कुठून, आणि बिबिजानने कात्री खाली ठेवून सांगितलं.

खूप वर्षांपूर्वी, शेडही नव्हती तेव्हा, वजीर आठवडे बाजारात चादर अंथरून हे कपडे विकायचा. चिमाबाईच्या धाकट्या जावेने एक निळा शर्ट घेतला. कॉलरच्या आत काळ्या शाईने काही लिहिलेलं होतं. शाळेच्या गुरुजींनी वाचलं आणि म्हणाले, हे तर माणसाचं नाव आहे. जाऊ त्या आठवड्यात तापली आणि पाचव्या दिवशी गेली. तेव्हापासून वस्तीत ठरून गेलं, की हे मेलेल्या माणसांचे कपडे आणि आत त्यांची नावं. नाव असलेलं कापड कुणी घरात नेईना. वजीरचा धंदा बसला. तेव्हा चिमाबाईनेच तोड काढली, की नाव काढून देत असशील तर आम्ही घेऊ. पण सगळ्यांचं काढायचं. ढिगातलंसुद्धा, कारण ढिगातलं कुणी बुजगावण्याला नेतं, कुणी गोधडीत भरतं.

"काकी, ही कंपन्यांची नावं असतात," आरती हळूच म्हणाली. "माणसांची नाहीत."

ती हसली मात्र नाही. भातलावणीच्या वेळी तिच्या आईच्या अंगावर असाच एक शर्ट असे. त्याच्याही कॉलरमध्ये दोन दोरे लोंबत असत आणि ते मानेला टोचतात म्हणून आई कुरकुरायची. ते दोरे कुठून आले, हे तिला आज कळलं.

बिबिजान तिच्याकडे बघत राहिली. काहीतरी सांगावं असं तिच्या चेहऱ्यावर आलं आणि गेलं. "आसंल बाई," ती म्हणाली.

पुढच्या मंगळवारी मोजणीला येते, असं सांगून आरती उठली. "तोवर शोधून ठेवा. एखादी जुनी न कापलेली गाठ, काहीही. नाहीतर माझ्या हातात काही नाही."

"सुटी लेबलं दावली तर?" वजीरने विचारलं.

"सुटी नाही चालत, काका. कपड्याला लागलेलीच लागतात."

ती गेल्यावर नवरा-बायकोचं जुंपलं. एरवी ते घरात हिंदी बोलत, पण भांडायचं असलं की मराठीवर येत. भांडायला तीच सोयीची पडे.

"कापली ती कापली, टाकली कुठं?"

"टाकली न्हाईत."

"मंग?"

बिबिजानने वर बोट दाखवलं. शेडच्या आढ्याखाली लाकडी फळ्यांचा माळा होता आणि तिथे खताच्या गोण्या दाटीवाटीने बसलेल्या होत्या. गोधडीच्या चिंध्या असतील, असं समजून वजीर इतकी वर्षं त्यांच्याखाली जेवला, झोपला होता.

"ह्यात निस्ती नावं?"

"नाव हाय ते. गटारीत टाकू?"

वजीर शिडी लावून वर चढला. अकरा गोण्या निघाल्या. पहिलीचं तोंड सोडून त्याने हात घातला, तर हाताला कोंड्यासारखं मऊ काहीतरी लागलं. मूठभर पट्ट्या त्याने उजेडात धरल्या. पांढऱ्या, काळ्या, सोनेरी अक्षरांच्या, बोटभर लांबीच्या. त्याला आनंद झाला आणि लगेच रडू आलं, कारण हवं ते सगळं घरातच होतं आणि उपयोगाचं नव्हतं. तो गोण्या खाली देत होता आणि बिबिजान त्या भिंतीशी लावत होती. शेवटच्या गोणीमागून एक लहानसं गाठोडं घरंगळलं, ते तिने पटकन पदराखाली घेतलं. वजीरचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याच्या डोक्यात एक कल्पना शिरली होती.

"शिवायची," तो शिडीवरूनच म्हणाला.

"काय?"

"जी कापली ती परत शिवायची. कापाय येतं तर शिवाय येत न्हाई व्हय?"

"कंच्या कापडाचं कंचं, ते कुनाला ठावं? लबाडी हाय ती."

"लबाडी कशी? नावं खरी, कापडं खरी. निस्ती गाठ घालून द्यायची."

बिबिजानला हे पटलं नव्हतं. पण दुपारी चिमाबाई आली, तिला सगळं सांगितलं, आणि तिने पदराचा बोळा तोंडावर धरून थोडा वेळ विचार केला. शेड वाचवायला नाही, पण तिच्या घरात शिरणारं पाणी अडवायला एवढी एकच वाट दिसत होती. कापायला तिनेच लावलं होतं, हेही ती विसरली नव्हती.

"आज टोमॅटोचं वझं लवकर उरकलं," ती म्हणाली. "सात बाया आनते. सुया तुझ्या."

दोन दिवस बाया शेडमध्ये बसल्या. अंगावर शर्ट, प्रत्येकीच्या कॉलरमध्ये लोंबते दोरे, आणि हातात नावं. पहिल्या दिवशी नावाला बोट लावायलाही त्या बिचकत होत्या. एकीने तर हातात कॅरीबॅग चढवली होती. दुपारपर्यंत भीती गेली आणि चेष्टा सुरू झाली.

"ह्ये सोनेरी कुनाचं गं? बागायतदार दिसतोय."

"दे त्या फाटक्या सदऱ्याला. त्याचं बी जरा बरं व्हऊंदे."

दारातून दूर शेतांच्या पलीकडे खोडदच्या रेडिओ दुर्बिणींच्या पांढऱ्या ताटल्या आभाळाकडे तोंड करून बसल्या होत्या. पाऊस अजून लांब होता. कुणी गाणं म्हटलं नाही, पण त्या दोन दिवसांत शेडमध्ये जे वातावरण होतं ते लग्नघरासारखं होतं, हे खरं. वजीर चहा देत फिरत होता. तीनशेच्या वर कपडे झाले, तेव्हा त्याने ते स्वतः ढिगाच्या वरच्या थरात पसरले, थोडे विस्कटले, वर थोडी माती टाकली. चिमाबाई उतारावरून बघत होती. तिने बऱ्याच महिन्यांनी वजीरला हाक मारली, "शेठ, हात जपून. घसराल."

मंगळवारी आरती आली. बाया कामावर न जाता शेडच्या भिंतीशी ओळीने बसल्या होत्या. रामनाथही आला होता. आरतीने मोबाइल काढला आणि ढिगातून पहिला कपडा उचलला. ते लहान मुलाचं झबलं होतं. त्याच्या मानेत पुरुषांच्या सुटाचं लेबल होतं, गोणी शिवायच्या जाड पांढऱ्या दोऱ्याने चारी बाजूंनी पक्कं टाचलेलं. इतकं पक्कं, की झबल्याचा गळाच चुरगळला होता.

तिने दुसरा उचलला. तिसरा उचलला. तिसऱ्यात लेबल उलटं होतं.

तिने भिंतीशी बसलेल्या बायांकडे पाहिलं. बायांनी तिच्याकडे पाहिलं. कुणाला काही विचारायची गरज उरली नाही. आरतीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला ती खाली वाकून कपडे चाळत राहिली.

"काकी," ती शेवटी म्हणाली, "हे नाही चालायचं."

"नाव पायजे म्हनलीस ना तू?" चिमाबाई उठली. "लावली नावं. दोन दिसांची हजरी बुडवून लावली."

"मावशी, हे फोटो मी पाठवले ना, तर तिकडचा माणूस एका नजरेत ओळखेल. मग ह्या ढिगावर कायमची फुली बसेल. वजीरकाकांना परत अर्जही करता येणार नाही."

"आणि न्हाई पाठवलं तर?" रामनाथने विचारलं.

"तर लेबलं नाहीत म्हणून नामंजूर. पण पुढं करता येईल." आरती अडखळली. पुढचं वाक्य तिलाच बोलवत नव्हतं. "नियम असा आहे, की इथून पुढं लेबल न कापता माल ठेवायचा. वर्षा-दोन वर्षांत त्याचा ढीग झाला, की त्याची मोजणी करता येते. त्याला पैसे मिळतील."

"त्याला," वजीर म्हणाला. "ह्याला न्हाई."

"ह्याला नाही."

"म्हंजी पानी आडवायला दुसरा ढीग लावायचा," चिमाबाई म्हणाली. तिने हे रागाने म्हटलं नाही. नीट कळलं की नाही, हे पाहण्यासाठी म्हटलं. मग ती परत भिंतीशी जाऊन बसली.

रामनाथ टोपी हातात घेऊन उभा राहिला. वजीर ढिगाकडे पाठ करून चहाचे कप गोळा करायला लागला, कुणीही चहा प्यायलेला नसताना. आरतीला निघून जाता येत नव्हतं आणि थांबून करण्यासारखंही काही नव्हतं. काहीतरी हातांना काम हवं म्हणून ती पसरलेले कपडे घडी घालून ठेवू लागली. त्यातला एक होता बाईमाणसाचा जाड लोकरी स्वेटर, फिकट जांभळा, कोपरावर विरलेला. घडी घालताना आतल्या बाजूला, कमरेच्या शिवणीत, तिला एक अरुंद पांढरी फीत दिसली. बारीक, सरळ टाके. हे वस्तीतल्या सुईचं काम नव्हतं.

"हे खरं आहे!" ती म्हणाली. "हे राहिलंय कापायचं. मानेतलं कापलंय, पण हे खाली होतं म्हणून..."

तिने फीत ताणून धरली आणि लाल दोऱ्याने विणलेली अक्षरं वाचली. मनात वाचली, परत एकदा वाचली.

"काय ल्हेलंय?" चिमाबाईने विचारलं.

"इंगरिड होल्म. खोली सात." आरतीचा आवाज बारीक झाला होता. "ही कंपनी नाही. हे... तिकडं म्हाताऱ्या माणसांना ठेवतात ना, मोठ्या घरात, सगळ्यांना एकत्र. तिथं सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात. अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकाच्या कपड्याला त्याचं नाव शिवतात. खोलीच्या नंबरासकट."

"जिती हाय?"

आरतीने स्वेटरच्या विरलेल्या कोपरावरून हात फिरवला. स्वेटर इथवर पोचला होता, तेच उत्तर होतं.

"म्हंजी माझी जाऊ..." चिमाबाई म्हणाली आणि थांबली. "गुर्जी खोटं न्हवते बोलत."

"न्हवते," बिबिजान म्हणाली.

ती आत गेली आणि ते लहान गाठोडं घेऊन आली. जुन्या ओढणीचं होतं. तिने ते आरतीच्या मांडीवर सोडलं. आत पन्नास-साठ फिती होत्या. काही विणलेल्या, काही नुसत्या पट्टीवर शाईने लिहिलेल्या, धुऊन धुऊन पुसट झालेल्या.

"तुम्हाला वाचता येतं, काकी?"

"मला कुठलं येतंय. पर डोळं हायेत. ती गोनीतली नावं परत परत येत्यात. येकच छाप, हजार बारी. येवढी मानसं येका नावाची कशी मरतील? ती छापाची, ते मला पयल्या सालीच कळलं व्हतं." तिने ओढणीवर हात ठेवला. "ही येकदाच आली. पुन्यांदा येक बी आलं न्हाई. म्हनून वायली ठिवली."

"आन् मला सांगितलं न्हाईस?" चिमाबाई म्हणाली. "येवढ्या वर्सात?"

"काय सांगू, आक्का? गोनीतली खोटी म्हनलं आसतं, तर ही खरी म्हनावी लागली आसती. मंग कोन शर्ट घेतंय?"

वजीर कप हातात धरून बायकोकडे बघत होता. इतक्या वर्षांच्या संसारात ती आपल्याला एकदा फसवून गेली आणि ते आपल्याच पोटापाण्यासाठी, हे त्याला आत्ता समजत होतं. त्याला तिच्याविषयी एवढं वाईट वाटलं, की त्याने कप तसेच खाली ठेवून दिले.

"वाच की," बिबिजान आरतीला म्हणाली. "कुनी वाचून दावली न्हाईत कंदी."

आरतीने एकेक फीत उचलली आणि वाचली. हेन्ड्रिक. रूथ. मार्था, खोली तेवीस. काही नावं तिला नीट उच्चारता आली नाहीत, ती तिने दोनदा म्हटली. भिंतीशी बसलेल्या बाया ऐकत होत्या. प्रत्येक नावाला बिबिजान मान हलवत होती, ओळखीचं कुणी घरात आल्यासारखी. बायांपैकी एकीने नकळत हात जोडले.

सगळ्या फिती वाचून झाल्यावर आरतीने जांभळा स्वेटर घेतला. त्या पूर्ण ढिगात मुळातच टाचलेलं नाव असलेला हा एकच कपडा होता. नोंद करायची म्हणून तिने फितीचा फोटो घेतला. मोबाइलने कंपनीचं नाव निवडायला सांगितलं. लांबलचक यादी होती. आरती ती शेवटपर्यंत सरकवत गेली. यादीच्या तळाशी एकच ओळ उरली होती, 'ओळख पटत नाही'. ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. मग तिने ती दाबली, कारण दुसरं काही दाबायला नव्हतं.

संध्याकाळी ती जीपने गेली. रामनाथ ग्रामपंचायतीत सांगायला गेला. काय सांगणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाया एकेक करून उठल्या. चिमाबाई मात्र जाईना. ती शेडच्या भिंतीला लावलेल्या गोण्यांकडे बघत होती. जवळ जाऊन तिने एका गोणीला हात घातला, जरा उचलून वजन पाहिलं.

"बिबे, ह्यांचं आता काय करनार?"

"काय करू? जातील परत वर."

"मला दे सा-सात. दारात लावते, येकावर येक. पानी आलं तर तेवढंच आडंल."

"अगं, नावं हायेत त्यात," बिबिजान म्हणाली. "तू तर उंबऱ्याच्या आत येक येऊ देत न्हवतीस."

"मातीच्या गोन्या भरायला मानूस कुठं हाय माज्याकडं," चिमाबाई म्हणाली. "आसूंदे नावं. भिजली की अजून जड व्हत्याल."

वजीरने पहिली गोणी धरली. त्याने ती चिमाबाईच्या डोक्यावर चढवण्याआधी बिबिजान मध्ये आली. वाटेत एकही सांडू नये म्हणून तिने गोणीचं तोंड सुतळीने दोनदा आवळून बांधलं.